साळवेंचं शून्याशी वैर

नगरजवळच्या केडगावातल्या आमच्या सोसायटीत साळवेंना "काय, बरंय ना?" असं सहज विचारायची सोय नाही. ते जिन्यात थांबून खरंच उत्तर देतात. "डावा गुडघा दुखतो, पायऱ्या चढताना. उजवा ठीक हाय. झोप पाच तास, कारन तुमचं कुत्रं." उलट आपण "मजेत" म्हणालो, की चष्म्यावरून बघत विचारतात, "मोजून सांगता, का अंदाजानं?"

गृहस्थ एकटेच राहतात. दारावर चिठ्ठी आहे: 'बेल वाजली नाही तर वायर सुटली आहे असे समजावे. घरात कोणी नाही असे समजू नये.' वायर जोडायला पाच मिनिटं लागली असती, पण साळवेंना दुरुस्तीपेक्षा नेमक्या तक्रारीची गोडी जास्त.

पोटापाण्याचं कामही तसलंच. कॉम्प्युटर आतून किती तापलाय हे एक बारका सेन्सर मोजतो. तो आकडा वर पोचवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, साळवे घरी बसून सुधारतात. अशाच एका ड्रायव्हरला खोड होती. सेन्सरनं उत्तरच दिलं नाही, तर तो गुपचूप शून्य अंश लिहून मोकळा व्हायचा.

"शून्य अंश. नगरला. मे महिन्यात," साळवे मला अशा सुरात म्हणाले, जणू ते शून्य मीच लिहिलं होतं. "मशीन जळायला लागलं तरी हा म्हननार, गार हाय. बिघडलं तर बिघडलं म्हनावं. त्यात लाज कसली?"

त्यांनी ते बदललं. उत्तर आलं नाही तर 'उत्तर आलं नाही', चुकीचं आलं तर 'चुकीचं आलं'. सगळा मिळून चार ओळींचा बदल. पण असे बदल तपासून मंजूर करणारे परदेशातले लोक ऐकेनात. इतकी वर्षं त्या शून्यानं कुणाचं अडलं नाही, म्हणे. साळवेंनी तीन आठवडे त्यांना मेल लिहिले. त्या दिवसांत गुडघ्याची बातमीसुद्धा बंद होती.

अखेर बदल मंजूर झाला. मी पेढे घेऊन गेलो. बेल अर्थातच वाजली नाही. दार ढकललं, तर साळवे मंजुरीच्या मेलसमोर बसलेले.

"आई पारनेरला एकटी ऱ्हायची," ते म्हणाले. "मी रोज फोन करायचो. रोज म्हनायची, बरी हाय, तू जेवला का? गेली त्या दिवशी सकाळीबी म्हनली, बरी हाय. छातीत आठ दिवस दुखत हुतं, ते शेजारनीला ठाऊक. मी कधी दुसरा प्रश्नच इचारला न्हाई."

मी पेढ्यांचा खोका पुढे केला, त्यांनी एक उचलला. मी विचारलं, "तुम्ही तरी बरे आहात ना?"

"बरा हाय."

"मोजून सांगता, का अंदाजानं?"

त्यांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"अंदाजानं," म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.