वानखडे सरांची सुनावणी

वानखडे सर भांडतात ते दोन खुर्च्यांवर. डावीवर बसले की स्वतःच्या बाजूनं बोलतात, उजवीवर बसले की समोरच्याच्या. समोरच्यानं पायरीवर बसून ऐकायचं.

नागपूरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर राज्यघटना शिकवली. माणसानं कायदा मुळात पाळायचाच कायले, यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. बायको वारल्यावर ते गावी, शेलूबाजारले परत आले अन् माझे शेजारी झाले. मी चौथीपर्यंत शिकलेला. पण माझी बाजू मले मांडता येते, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

वाद कडुलिंबाच्या फांदीचा. झाड त्यांचं, फांदी माझ्या अंगणावर. वाळत घातलेल्या तुरीत सगळा पाला.

"सर, फांदी तोडा."

"तोडू. आधी दुसरी बाजू ऐकू."

"दुसरी बाजू तुमचीच हाये ना?"

"म्हणून तर ती जास्त तपासून घेतली पाहिजे, भाऊ."

झालं. रोज संध्याकाळी सुनावणी. उजव्या खुर्चीवरून ते माझं गाऱ्हाणं असं मांडत, की मलेच माझी दया यायची. मी म्हणलं, "एवढा काही गरीब नाही मी." तर म्हणे, "अशिलानं मधात बोलू नये!" एकदा झाडाची बाजू निघाली. तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून ती त्यांनी उभ्यानं मांडली.

मीही हट्टाचा. एक संध्याकाळ चुकवली नाही. शेवटी सर स्वतःविरुद्ध हरले. दुसऱ्या सकाळी माणूस लावून फांदी उतरवली. मी घरी सांगितलं, जिंकलो.

त्यानंतर तिकडं गेलो नाही. कामच काय उरलं होतं?

काही दिवसांनी सर कुंपणापाशी आले.

"भाऊ, आमच्या टाकीचं पाणी तुमच्या अंगणात येऊन राह्यलं. तुमची काही तक्रार नाही?"

पाहतो तर खरंच चिखल. टाकीचा पाइप माझ्याकडं वळवून नव्या तारेनं बांधलेला. बायको दारामागून हळूच म्हणाली, "त्याईनंच फिरवला. काल दुपारी शिडीवर चढले होते, या वयात."

सर माझ्याकडं पाहत नव्हते. कुंपणाची तार धरून उभे होते.

"हाये ना तक्रार," मी म्हणलं. "अन् एका बैठकीत मिटणारी नाही."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी."

सर घाईनं घरात गेले. पाइप सरळ करायचं विसरले. मीही आठवण दिली नाही.