वारा समोरूनच येतो

माणूस कुठल्याही दिशेला निघाला तरी आयुष्यात वारा समोरूनच येतो, असा वसंतराव ढोमसे यांचा सिद्धान्त होता. तो ते इतक्या गंभीरपणे मांडत की ऐकणाऱ्याला क्षणभर आपण एखाद्या मठात येऊन बसलो आहोत असं वाटे. मग लक्षात येई, की या तत्त्वज्ञाने सदऱ्याच्या आत कालचं वर्तमानपत्र घातलेलं आहे आणि तो हलला की कुरकुर आवाज येतो आहे.

आकाशकंदील उतरला की ढोमसे जाड होत आणि शिवरात्रीला पुन्हा बारीक होत. हिवाळाभर ते पेपर छातीला लावून सायकलने कामावर जात. आमची दोघांची घरं नाशिकच्या द्वारका चौकामागच्या एका कॉलनीत, एकाच जिन्यावर समोरासमोर. नोकरीही अंबडमधल्या एकाच कारखान्यात. तिथे पंपाचे सुटे भाग बनत. ढोमसे ग्राइंडिंगच्या मशिनवर होते. मी टाईम ऑफिसात, म्हणजे इतरांच्या येण्याजाण्याच्या वेळांबद्दल संशय बाळगण्याचा मला पगार मिळे. माझ्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक असे, एवढ्या पुराव्यावर ते मला मास्तर म्हणत.

पेपर म्हणजे कुठलंही पान नव्हे. जाहिरातींचं पान त्यांना चालत नसे. मजकूर विरळ, त्यातून वारा शिरतो. रविवारची पुरवणी गुळगुळीत, ती घसरून पोटाशी गोळा होते. छातीला फक्त अग्रलेखाचं पान. "मास्तर, अग्रलेखातून काहीच आरपार जात नाय," ते सांगत. अग्रलेखाबद्दल इतकं नेमकं मत मी त्यानंतर कुठेही वाचलेलं नाही. चढावर घाम आला की शाई उतरे. "यांच्या बनियनवर अख्खं मंत्रिमंडळ उलटं उमटतं," वहिनी दोरीवर कपडे घालता घालता म्हणायच्या. "सोड्यात उकळा, नाहीतर धोपटा. एक मंत्री हलत नाही."

पाठीला मात्र काही नाही. नुसता सदरा आणि वर कोपरात विरलेला स्वेटर. वारा समोरूनच येतो म्हटल्यावर पाठीची काळजी कोण करणार?

थंडीबद्दल त्यांना निफाडकराचा माज होता. नाशिकचा पारा उतरल्याचं कोणी कौतुकाने सांगू लागलं की ते त्याला मध्येच तोडत. "ही थंडी नाय, ही हवा हाय. थंडी आमच्या निफाडला. पहाटे द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवाव्या लागत्यात, घडांना ऊब मिळावी म्हणून. माणसं कुडकुडत बसत्यात अन् द्राक्षं शेकत्यात."

आणि आरसा. सायकलच्या हँडलला उजव्या बाजूने त्यांनी मोटरसायकलचा गोल आरसा बसवून घेतला होता. सायकलला आरसा लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नव्हता. चालवताना त्यांचं निम्मं लक्ष त्या आरशात असे. माकडटोपीत आपण कसे दिसतो ते ढोमसे बघतात, अशी कारखान्यात चेष्टा चाले. ते चिडत नसत. "बघतो ना. देखणाच हाय," म्हणत. शिवाय ते इतकी सावकाश सायकल चालवत, की डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बायका त्यांना मागे टाकून बाजारात पोचत.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कारखान्याने कामगारांसाठी बस सुरू केली.

नव्या मॅनेजरसाहेबांना समारंभांची आवड होती. बसच्या बंपरवर नारळ फुटला. काचेवर एवढा मोठा हार चढवला की ड्रायव्हरला पुढचं दिसेना. तो कापल्यावरच बस हलली. साहेब भाषणात म्हणाले, "ही बस नाही, हे आपलं कुटुंब आहे." कुटुंबाची आसनक्षमता मागच्या बाजूला रंगवलेली होती.

बस द्वारकेहूनच सुटे. बघता बघता कारखान्याचं सायकलस्टँड ओस पडलं. उरली एकच सायकल, आरशाची. त्या स्टँडच्या पत्र्याखाली साहेबांना आपली मोटार लावायची होती. त्यांनी मला बोलावलं.

"हा माणूस कुटुंबाच्या बाहेर का?"

"त्यांना सायकल आवडते, साहेब."

"पुढच्या महिन्यापासून स्टँड बंद. त्याला बसमध्ये बसवा. समजावून सांगा. तुम्ही वाचता म्हणे."

वाचनाचा असाही उपयोग होतो, हे मला तेव्हा कळलं.

मी जिन्यातच ढोमसेंना गाठलं. "ढोमसेभाऊ, बस फुकट आहे. दारातून निघते. खिडक्यांना काचा आहेत."

"मास्तर, वारा समोरूनच येतो."

"बसमध्ये नाही येत."

"म्हणून तर नको."

"अहो, स्टँड बंद होणार आहे. सायकल कुठे लावाल?"

यावर मात्र त्यांनी सदऱ्यातला कागद नीट सारला.  मग म्हणाले, "एक दिवस माझ्यासंगं सायकलवर या. मग काय बोलायचं ते बोला."

मी कोणाची तरी सायकल मागून आणली. सकाळी जिन्यात ढोमसेंनी स्वतः माझ्या सदऱ्यात अग्रलेख सारला आणि वरून बटणं लावली. अग्रलेख माझ्या हृदयाला भिडण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

द्वारकेला धुकं होतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि झेंडूचे भारे घेऊन टेम्पो येत होते. पहारेकरी टायर जाळून शेकत बसले होते. ढोमसेंनी एक पाय कठड्याला टेकवला आणि आरशात बघत थांबले.

"कोणाची वाट बघताय?"

"वाऱ्याची."

इतक्यात गल्लीतून एक काटकुळा माणूस जुन्या सायकलवर आला. डोक्याला शाल गुंडाळलेली, नाकावर रुमाल. आमच्या मागे काही अंतरावर तो थांबला आणि एखाद्या दुकानाची पाटी वाचावी तसा भलतीकडे बघत राहिला. ढोमसेंनी मान वळवली नाही. पायडल मारलं. मागचाही निघाला.

मी ढोमसेंच्या शेजारून चालवत होतो. मुंबई नाका मागे पडला. मागचा माणूस खोकला की ढोमसे वेग कमी करत. तो थांबला की तेही उतरत आणि सायकलची चेन तपासत. चेनीला काही झालेलं नसे. मागे घंटी वाजली की उठत, हात झटकत आणि पुन्हा निघत. शब्द नाही, नजर नाही. छातीवर अग्रलेख घट्ट असूनही माझ्या पाठीत हुडहुडी भरली होती. ती मी वयावर ढकलली.

कारखान्याच्या गेटाशी आम्ही वळलो. तो माणूस आमच्याकडे न बघता पुढे निघून गेला. ढोमसे आरशातून नव्हे, पहिल्यांदाच सरळ, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग आम्ही गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला.

"तो पुंजा रायते," ते म्हणाले. "आमच्या गावचा. एका बाकावर शिकलो. हितं पण संगंच लागलो."

"मग बोलत का नाही?"

"संप झाला होता ना, तुम्ही यायच्या आधी. माझी म्हातारी अंथरुणावर होती. मी आत गेलो. तो बाहेर राह्यला. संप मोडला अन् त्याची नोकरी गेली. आता पुढं एका बारक्या वर्कशॉपात हाय. त्यांना कोन बस देतंय?" त्यांनी बशीतला चहा फुंकला. "ज्या दिवशी मी आत गेलो, त्या दिवशी गेटावर सगळ्यांसमोर म्हनला, आजपासून तुझं तोंड बघणार नाय."

"आणि?"

"आणि काय. नाय बघत. शब्दाचा पक्का हाय. पुढं एकदा रस्त्यात मी पुढं, हा मागं. मला ओलांडून जायचं तर तोंड दिसंल. म्हणून मागंच राह्यला. तवापासून मागंच हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दमा हाय त्याला, मास्तर. थंडीचं वारं अंगावर घेतलं की कासावीस होतो. म्हणून मी पुढून जरा रुंद होऊन चालवतो. त्याला आडोसा होतो. मी बसमध्ये बसलो तर त्याच्या पुढं कोन?"

"आणि हा आरसा?"

"माझं तोंड बघणार नाय असं तो म्हनला. त्याचं बघणार नाय असं मी कुठं म्हनलो?"

त्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की समजावणं चालू आहे, थोडा वेळ लागेल.

महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना ढोमसे तापाने आडवे झाले. पाठ धरली, कण्हत होते. तशातही सकाळी त्यांनी सदऱ्यात कागद कोंबायला सुरुवात केली होती. वहिनींनी सायकलला कुलूप लावून किल्ली आपल्या कमरेला खोचली. "तापात निघाले होते. कोणाचं लग्न लागायचं राहिलंय का तिकडे?" त्या मला म्हणाल्या. ढोमसे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी निघालो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आज वारा हाय का हो?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी एक शाल आली. मी ओळखलं.

"तुमच्यात एक जाडं माणूस हाय," पुंजा रायते म्हणाले. "सायकलीला आरसा लावतंय."

"वसंतराव ढोमसे?"

"नाव मी घेत नाय. आत हाय का?"

"नाहीत. ताप आलाय, घरी आहेत."

"लय?"

"उतरतोय आता. पाठ धरलीय."

त्यांनी मान हलवली. जणू निदान त्यांचंच होतं आणि डॉक्टरांनी त्याला फक्त दुजोरा दिला होता. "धरणारच. आमचं वर्कशॉप दोन दिस बंद होतं. मी मागं नव्हतो."

"तुम्ही मागे नसण्याचा आणि पाठीचा काय संबंध?"

रायत्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "थंडीत वारं कुठून येतंय? वणी-दिंडोरीकडून. आपण जातो अंबडला. म्हंजे ते मागून लागतंय. ह्याची पाठ शाळेपासून कच्ची, अन् हा कागद लावतोय छातीला. मी मागं असलो म्हंजे त्याच्या पाठीला लागत नाय."

मला माझी हुडहुडी आठवली.

"पण त्यांना वाटतं, तेच पुढून तुम्हाला आडोसा देतात. तुमच्या दम्यासाठी."

"ठाव हाय मला. माझ्यापायी हळू चालवतो. हळू चालवतो म्हणून तर मागचं वारं पाठीत बसतंय. जोरात हाणलं तर कशाला लागंल?"

"अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगायचं म्हंजे तोंडासमोर जावं लागंल," रायते म्हणाले. त्यांनी रुमाल नाकावर ओढला. थोडं गेल्यावर परत फिरले. "पेपर मागून घालाय सांगा त्याला. माझं नाव घेऊ नका. अन् उठला की आरामात येऊ दे म्हणावं. गडबड नाय."

ते पुढच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे शेवटचं वाक्य त्यांचं नाव न घेता सांगणं अशक्य आहे. ते मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

ढोमसे बरे होऊन उठले त्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर द्वारकेपर्यंत चालत गेलो. नेहमीच्या कठड्याला त्यांनी पाय टेकवला. सदरा कुरकुरला.

"ढोमसेभाऊ, एक सुचवू? एखादं पान पाठीलाही लावत जा."

"पाठीला?" ते मनापासून हसले. "पाठीला कशाला, मास्तर? पाठीला मला थंडी वाजतच नाय. इतकी वर्षं झाली, कधीच नाय. निफाडचं हाड हाय. मागल्या आठवड्यात तेवढं काय झालं, देव जाणे."

बोलता बोलता त्यांची नजर आरशात गेली आणि तिथेच राहिली. मी मागे वळून पाहिलं. धुक्यातून शाल येत होती. नेहमीच्या अंतरावर ती थांबली नाही, आणखी थोडी पुढे आली, अगदी कॅरियरला हात लागेल इतकी, आणि मग भलतीकडे बघत उभी राहिली. ढोमसेंनी माकडटोपी सारखी केली, छाती होईल तितकी रुंद केली आणि निघाले.

साहेबांना मी कळवलं की ढोमसेंना बसमध्ये मळमळतं आणि कुटुंबाच्या काचा नव्या आहेत. त्यांनी विषय सोडला. स्टँडच्या पत्र्याखाली त्यांची मोटार उभी राहू लागली, आणि आरशाची सायकल टाईम ऑफिसच्या मागच्या भिंतीला. बसमधली ढोमसेंची खिडकीजवळची जागा आम्ही डबे ठेवायला वापरत असू.