घरतांची लाट आणि न मागितलेला फ्रिज

ती रिकामी बाटली मी कचऱ्यात टाकली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रिकामी बाटली टाकवत नाही, हा आमच्या घराण्याचा दुसरा गुण. पहिला गुण म्हणजे केस.

घरतांचे केस कपाळापासून निघतात आणि लाटा मारत मानेपर्यंत जातात. सरळ नाहीत, कुरळेही नाहीत. आजोबांचे तसे होते, वडिलांचे होते, माझे आहेत. मी पनवेलच्या ज्या शाळेत क्लार्क आहे, तिथे दाखल्यासाठी कोणाला भेटायचं असं पालकांनी विचारलं की शिपाई सांगतो, "ते लाटावाले." (मला विनायक घरत असं पूर्ण नाव आहे. पण मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.)

माझ्या मुलीला, किशोरीला, हेच केस मिळाले आणि सहा वर्षं तिने ते इस्त्री फिरवून सरळ केले. रोज सकाळी तो वास आला की मला वाटायचं, आतल्या खोलीत कोणीतरी आपलं घराणं भाजतंय. मग वरद आला. नवीन पनवेलचा, मूळ साताऱ्याकडचा. त्याने किशोरीचा शाळेतला फोटो पाहिला आणि विचारलं, "तुझे हे केस कुठे गेले?" त्याच क्षणी मी त्याला जावई म्हणून पास केलं. (नोकरी, पत्रिका वगैरे किरकोळ गोष्टी निशाने, म्हणजे माझ्या बायकोने, नंतर पाहिल्या.)

किशोरीने ठरवलं, साखरपुड्याला उभी राहीन ती माझ्या खऱ्या केसांत. इस्त्री कपाटात गेली. आमच्या खांदा कॉलनीतल्या घरात नवे कायदे आले. केस टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळायचे. (टी-शर्ट माझा. जुना नव्हता.) कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही, कंडिशनर लावून ओल्यातच बोटांनी गुंता काढायचा. मग केस खालून मुठीत धरायचे आणि हलकेच दाबायचे.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं.

"फ्रिझ नको म्हणून, बाबा. फ्रिझ म्हणजे केस पिंजारतात ते. आपल्याकडची हवा किती दमट आहे!"

सहा महिन्यांत लाट परत आली. किशोरी पाठमोरी चालली की मला माझे आजोबाच चालल्यासारखं वाटायचं आणि उगाच डोळे भरून यायचे.

आणि साखरपुडा रविवारवर आलेला असताना, शुक्रवारी ती बाटली संपली. तिच्यात खाऱ्या पाण्याचा फवारा होता, समुद्राच्या मिठाचा. तो मारला की लाट जागेवर राहते म्हणे. नवी बाटली सोमवारी येणार होती.

"राहू दे," किशोरी म्हणाली. "त्याच्याशिवाय करीन."

राहू दे? मिठावाचून घरतांचं अडणार? अहो, आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर! माझ्या आजोबांनी चाळीस वर्षं मीठ ओढलं. त्या मिठागरावर आता सात मजली इमारती उभ्या आहेत, पण रक्तातला खारटपणा काही भराव टाकून बुजत नाही. मी ती बाटली उचलली.

मीठही घरातच होतं. उरणकडून माझी सोनाआत्या दोन दिवस आधीच मुक्कामाला आली होती आणि येताना दृष्ट काढायला म्हणून आमच्या आगरातलं शेवटचं जाडं मीठ छोट्या बरणीत घेऊन आली होती. साखरपुडा झाला की मीठमोहरीने पोरीची दृष्ट काढायची, हे तिने तीस माणसांना सांगून ठेवलं होतं. आत्या दुपारी आडवी झाल्यावर मी बरणी उघडली.

बाटलीवर प्रमाण लिहिलेलं नव्हतं. पण मला प्रमाण कोणी शिकवावं? आत्या मिठाच्या पाण्यात कैऱ्या मुरवते, तेव्हा पाण्यात अंडं सोडून बघते. अंडं तरंगलं की पाणी तयार. मी पाण्यात अंडं सोडलं. बुडालं. मीठ टाकलं. बुडालं. आणखी टाकलं. शेवटी अंडं बदकासारखं वर आलं, तेव्हा बरणीच्या तळाशी काहीच राहिलं नव्हतं. मी बाटली भरली आणि तिच्या जागी ठेवली. उरलेलं पाणी एका रिकाम्या बाटलीत भरून माझ्या कपाटात ठेवलं. (पहिल्या परिच्छेदातला गुण.)

शनिवारी सकाळी किशोरीने रंगीत तालीम म्हणून केस धुतले. बाटली भरलेली बघून "बाबा, कुठून आणलीत?" म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. मी फक्त मान हलवली. मोठी माणसं बोलत नसतात.

तासाभराने आतून किंकाळी आली.

केस वाळले होते. लाटा होत्या, पण त्या आता उभ्या होत्या, प्रत्येक केस वेगळ्या दिशेला, आणि हात लावला की खारवलेल्या सुकटीसारखं करकरत होतं. "फ्रिझ!" किशोरी रडत होती. "एवढा मोठा फ्रिझ! मला नकोय हा! वरदला काय सांगू? मी नाही उभी राहणार उद्या!"

निशा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हातात मीठ लागलेलं अंडं होतं.

या सगळ्यात आत्या बाहेरच्या खोलीत होती हे आम्ही विसरलो. आत्याला ऐकू कमी येतं, पण जे येतं ते पक्कं येतं.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. वरदचे वडील, इंद्रजीतराव.

"विनायकराव, आम्ही फ्रिज कधी मागितला?"

"काय?"

"तुमच्या आत्याबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, 'तुमचा मोठा फ्रिज तुमच्याकडंच ठेवा. पोर रडतंय हिकडं.' आमची ही जेवणाचं ताट सोडून उठली हो! उद्या आम्ही यायचं की नाही तेवढं सांगा."

मी धावत बाहेर गेलो. आत्या पदर खोचून बसली होती.

"आत्ये, काय केलंस हे?"

"बराबर केलंय! आमी आगरी हाव. आमच्यात कदी हुंडा घेतला नाय नी दिला नाय. पयला फ्रिज, मंग गारी, मंग फ्लॅट! घाटावरच्यांना सांगून ठेवलं, हितं काय भेटनार नाय!"

"अगं, फ्रिज नाही, फ्रिझ! केसांचा!"

"केसाला फ्रिज?" आत्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. "बाबू, तू जरा पर." (म्हणजे, आडवा पड.)

आता दोनच वाटा होत्या. किशोरीचे केस आपोआप बिघडले असं सांगायचं, म्हणजे वरदच्या आईला वाटणार, मुलीकडचे फ्रिजच्या गोष्टीवर पांघरूण घालताहेत. नाहीतर खरं सांगायचं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या लाटेवर मान ताठ ठेवली, ती घरतानेच बिघडवली, आणि तीही घरतांच्या मिठाने, हे होणाऱ्या व्याह्यासमोर कबूल करायचं. आतून पोरीच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता. मी फोन पुन्हा कानाला लावला.

"इंद्रजीतराव," मी म्हणालो, "चूक माझी आहे." आणि अंड्यासकट सगळं सांगितलं.

पलीकडे कोणीतरी हसायला लागलं, मग आणखी कोणीतरी. त्यांचा फोन स्पीकरवर होता. वरदच्या आईचा आवाज आला, "अहो, त्यांना विचारा, अंडं पूर्ण तरंगलं होतं का?"

लग्न वाचलं.

किशोरीने माझ्याशी न बोलता तीनदा केस धुतले, कंडिशनर चोपडलं, बोटांनी गुंता काढला, माझा दुसरा टी-शर्ट घेतला. संध्याकाळी जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ते सगळं त्यांना सांगितलंत?" मी हो म्हटलं. ती पुन्हा गळ्यात पडली. ह्या वेळी मी मान हलवली नाही, रडलो.

रविवारी हॉलमध्ये ती आली, तेव्हा बोलणी थांबली. फवारा नाही, पिना नाहीत, एकही केस पिंजारलेला नाही. खांद्यावरून लाट उतरत होती, अगदी भरतीच्या पहिल्या पाण्यासारखी. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. वरदकडच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "केस कोणावर गेलेत गं हिचे?"

मी याच प्रश्नासाठी तयारीत होतो. (कपाटातली बाटली आठवते ना? पोरीच्या केसांना ते पाणी जास्त झालं असेल, पण माझे केस पुरुषाचे. शिवाय पाणी वाया कसं घालवायचं? सकाळीच अख्खी बाटली डोक्यावर मारली होती.) मी काळ्या कोटात पुढे झालो आणि नम्रपणे मान लववली.

इंद्रजीतरावांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग कानाशी येऊन हळूच म्हणाले, "कोंड्यावर आमच्याकडे एक चांगलं तेल आहे. पाठवतो."

एवढ्यात आत्या ओरडली. "मीठ कोनी नेलं?" तिच्या एका हातात मोहरी होती आणि दुसऱ्या हातात रिकामी बरणी. पोरीवर तीस माणसांची नजर खिळलेली, आणि दृष्ट काढायला मीठ नाही! हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. निशाने बोटाने माझं डोकं दाखवलं.

आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नीट बघितलं. मग पदर पसरला.

"वाक खाली."

मी वाकलो. तिने माझ्या केसांत दोन्ही हात घातले आणि गदागदा हलवलं. मूठभर निघालं. चांगलं जाडं, आजोबांच्या आगरातलं. त्यात मोहरी मिसळून तिने ते किशोरीवरून तीनदा उतरवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी केस सावरत तसाच वाकून थांबलो. म्हटलं, "आत्ये, माझी पण काढ ना."

आत्या हात झटकत म्हणाली, "तुला कोन लावतंय दृष्ट?"