पद्मिनीबाईंच्या उजळ बटांची मोहीम

श्री. पूर्वी वर्धेच्या अंगणात मातोश्री कलावतीबाई लेकीस न्हाऊ घालून गात असत:

न्हाली माझी पदू बाई, काळे केस ते उन्हात
भर दुपारी कोंबड्या, शिरल्या गं खुराड्यात

तो आवाज पद्मिनीबाईंच्या कानी बाळपणापासून वसत होता. सासरचे रायपूर नव्या राज्याची राजधानी जाहल्यास दोन तपे लोटली, बाईंनी साठी गाठली, तरी रेल्वे कॉलनीत त्यांचा लौकिक ऐसा की, माहेरच्या तेलाचा प्रताप, केस आपसूक काळे. वास्तविक अकरा वर्षे दर दुसऱ्या रविवारी न्हाणीघराची कडी लावोन काळ्या मेंदीचा लेप डोईस थापीत. हे गुपित एक बाई जाणत आणि एक बादली. धाकट्या जाऊ कुसुमबाई एकाच छपराखाली नांदत, त्यांस सुगावा लागो न देणे हाच मुख्य कायदा.

ऐसे असता कन्या निधी हिचा साखरपुडा ठरला आणि कन्येने फर्मान सोडिले, “मम्मी, आप भी थोड़ा हल्का कलर करवा लो. मेरी सास को देखा है?”

विहीणबाईंचे नाव निघताच बाईंचे मस्तकी आग गेली आणि मग मसलत बैसली. हायलाइट म्हणजे निवडक बटा चंदेरी कागदात बांधोन उजळ करणे, तो गनिमी कावा; ओंब्रे म्हणजे माथा काळा राखोन शेंडे पिवळे करणे, तो अर्धा मुलूख देऊन केलेला तह; आणि बालायाज म्हणजे कुंचला घेऊन मर्जीस येईल तेथे फटकारे मारणे, ती शुद्ध बेबंदशाही. कुसुमबाईंनी अर्ज गुजारिला, “ताई, त्या पिवळ्या शेंड्यानं तं बकरीची शेपटी दिसन.” ओंब्रे जागीच ठार. बालायाजास प्रहर दोन प्रहर लागतात ऐसे कळता तेही मागे हटले. मग हायलाइट मुक्रर जाहले आणि दोघी जावा स्कुटीवर आरूढ होऊन, सदर बाजारची गर्दी चिरीत, भावना दीदींच्या पार्लरावर चालोन गेल्या.

भावना दीदींनी चाचणीस कानामागील एक बट कापोन, ब्लीच लावोन वाटीत ठेविली आणि पुसिले, “मॅडम, कभी काली मेहंदी लगाई है?”

“छे! आमच्याकडे सारं माहेरचं तेल.”

कुसुमबाई पंख्याकडे पाहू लागल्या.

तोच वाटी तापली, धूर निघाला आणि बट हिरवी जाहली. दीदींनी हुकूम केला की, ब्लीच काळ्या मेंदीवरच ऐसे भडकते, खरे सांगा, नाहीतर साखरपुड्यास डोईवर पदर घेऊन बसा. एकीकडे मातोश्रींची ओवी आणि अकरा वर्षांचा लौकिक, दुसरीकडे लेकीचे शुभकार्य आणि डोईचे कातडे, आणि शेजारच्या खुर्चीवर खुद्द जाऊ. बाईंनी डोळे मिटिले आणि कैफियत दिधली, “लावते ना. अकरा वर्षं झाली, काळी मेंदीच लावून राहिली मी.”

मग ब्लीचची फौज माघारी फिरली आणि उरल्या केसांस नुसते तेल चोळण्याचा तह ठरला. येणेप्रमाणे बट एक कामी आली, बाकी डोई शाबूत राहिली, फत्ते जाहली, ऐसे लिहोन ठेविले.

तेल चोळिता कुसुमबाई हळूच बोलिल्या, “ताई, तुमच्या उशीचा अभ्रा मीच धुते. दर दुसऱ्या सोमवारी, अकरा वर्षांपासून.”