आठवा ठोका

मान हलवणं हा माझा जुना धंदा आहे. बावीस वर्षं मी कारकुनी केली ती डोक्याच्या नव्हे, मानेच्या जोरावर. साहेब काही बोलले की मान हलवायची आणि कशाला हलवली ते आपल्या जागेवर येऊन, पाणी पिऊन, सावकाश ठरवायचं. (घरीही हीच पद्धत आहे. फक्त तिथे पाणी आपलं आपण घ्यावं लागतं.)

त्या शुक्रवारी मी सह्यांची फाइल घेऊन केबिनमध्ये गेलो, तर साहेब डोळे मिटून दोन पेन्सिलींनी टेबल बडवत होते. एरवी आमचे साहेब म्हणजे कुणी शिंकलं तरी लेखी खुलासा मागणारे. त्यांना असं रंगात आलेलं पाहून मी गडबडलो. परत जावं तर दार करकरतं. उभं राहावं तर नुसतं किती वेळ उभं राहणार? मग मी सवयीने मान हलवली. झालं, तेवढीच माझी चूक.

साहेबांनी डोळे उघडले. "अरे! तुम्हीसुद्धा ऐकता?"

"म्हणजे काय साहेब!" मी म्हणालो. (हे उत्तर मी अशाच प्रसंगांसाठी राखून ठेवलंय. यातून कुणालाही हवं ते कळतं.)

साहेबांनी खालच्या कप्प्यातून एक मोठी रेकॉर्ड काढली आणि बाळंतिणीने बाळ द्यावं तशी माझ्या हातात दिली. "जॅझ आणि रॉक यांचा संसार मांडणारा हा पहिला बँड. यांच्याआधी त्या दोन्हीकडची माणसं एकमेकांचं तोंड बघत नसत. ही रेकॉर्ड आता शोधूनही सापडत नाही. घरी न्या, शांतपणे ऐका आणि सोमवारी मला पहिल्या बाजूबद्दल तुमचं मत सांगा."

नको म्हणायची सोय नव्हती, कारण त्याच टेबलावर बदल्यांची यादी पालथी पडलेली होती आणि सोमवारी तिच्यावर सही होणार होती. त्यात माझं नाव आहे अशी हेडक्लार्कची पक्की खबर होती. जागा कुठली, तर ज्या शाखेकडे आठवड्यातून दोनदाच बस जाते आणि येताना एकदाच येते, ती. माझं एक वेळ ठीक होतं हो. पण बायको वाचनालयात काम करते आणि अकरा वर्षांनी तिला गेल्याच महिन्यात कायम केलं होतं. त्या दिवशी ती ऑर्डरचा कागद उशीखाली घेऊन झोपली होती. बदलीची कुणकुण लागल्यापासून ती काही बोलत नव्हती, आणि माझी बायको बोलत नाही तेव्हा घरात फार मोठा आवाज असतो.

घरी आलो. बूट काढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून रेकॉर्ड सोफ्यावर ठेवली. मग बूट काढायला बसायला हवं म्हणून सोफ्यावर बसलो.

"कट्ट!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. उठून पाहिलं. कव्हर शाबूत होतं. रेकॉर्ड बाहेर काढून खिडकीशी धरली, उलटीसुलटी केली. तडा नाही, ओरखडा नाही. मग ते कट्ट झालं काय? बहुतेक आत, अगदी खोल काहीतरी मोडलं असणार. (रेकॉर्डला आत-बाहेर काही नसतं हे मला माहीत आहे. पण भ्यालेल्या माणसाला शास्त्र सांगू नये.) मी गुपचूप रेकॉर्ड कव्हरात सारली आणि कुणालाही काही न बोलण्याचा निश्चय केला.

शनिवारी दुपारी सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर काढला. सासरे आमच्याकडेच असतात. तीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होते, आणि या प्लेअरवर कवायतीचं संगीत लावून त्यांनी हजारो मुलांना एक-दोन, एक-दोन करायला लावलं. अजूनही ते स्वयंपाकघरातून पेपर आणायला गेले तरी डाव्या पायाने निघतात.

मी सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग लांबून कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत आणतंय असा आवाज. मग धाडकन ड्रम सुरू झाले. पाठोपाठ गिटार आली ती भांडूनच आली. सॅक्सोफोन तिला समजवायला गेला आणि स्वतःच रडायला लागला. या सगळ्यात एक इलेक्ट्रिक पियानो कोपऱ्यात बसून स्वतःशीच पुटपुटत होता.

बायको धावत बाहेर आली. "अहो, काय पडलं?"

"संगीत आहे हे."

"कोणाचं?"

"साहेबांचं."

"साहेब असं गातात?" ती म्हणाली. "मग तुमचं काही चुकत नाही घाबरता ते."

एव्हाना सासऱ्यांचे पाय चालायला लागले होते. ठोका ऐकला की त्यांना राहवत नाही. हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला, हात खांद्यापर्यंत. पण चार पावलं टाकतात, पुढची तीन टाकतात आणि अडखळतात! पुन्हा निघाले, पुन्हा सातव्या पावलाला तोल गेला. तिसऱ्या फेरीला त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि गरजले, "स्क्वॉड, थांब!"

मी सुई उचलली.

"जावईबापू, यातला आठवा ठोका कुठे गेला?"

"म्हणजे?"

"एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात, की पुन्हा एक! माझा दर वेळी चुकीचा पाय पुढे येतोय. तीस वर्षांत माझा पाय चुकलेला नाही. रेकॉर्ड मोडलीय ही. दर सातानंतर एक ठोका गळालाय!"

मी मटकन खाली बसलो. (या वेळी आधी खाली बघून घेतलं.) आणि मग सगळं ओकून टाकलं. सोफा, बूट आणि ते कट्ट.

बायकोने मला वाचनालयात पान फाडून पुस्तक परत करणाऱ्याला विचारतात तसं विचारलं. "किती वेळ बसला होतात?"

"कट्ट होईपर्यंत."

"पूर्ण वजन टाकून?"

"अगं, अर्धं वजन टाकून कसं बसतात?"

मग हळूच म्हणाली, "आता तर जावंच लागेल का हो तिकडे?" तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू! एका मान हलवण्यापायी मी तिची अकरा वर्षं सोफ्यावर ठेवून त्यावर बसलो होतो.

पण आमचं घर रडत बसणाऱ्यांतलं नाही. आम्ही उपाय करणाऱ्यांतले आहोत, आणि ते जास्त वाईट. रेकॉर्ड वाकली असेल तर सरळ होईल म्हणून ती कव्हरासकट सासऱ्यांच्या गादीखाली ठेवली. वर बायकोने शब्दकोशाचे चार खंड रचले आणि त्यावर सासरे सावधानच्या पवित्र्यात बसले. दोन तासांनी पुन्हा लावली. ठोके सातच. उलट आता सॅक्सोफोन जास्तच कळवळून रडतोय असं मला वाटलं, आणि मला त्याचं दुःख अगदी मनापासून पटलं.

शेवटी रविवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या रेडिओकाकांना बोलावून आणलं. रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडणारा आणि त्यातलं निम्मं पुन्हा बंदही करणारा हा सज्जन माणूस. त्यांनी आधी सासऱ्यांची कवायतीची रेकॉर्ड लावली. ठोके बरोबर. प्लेअर ठणठणीत! म्हणजे दोष रेकॉर्डचाच. मग त्यांनी साहेबांची रेकॉर्ड भिंगाखाली धरली, सुई टेकवली आणि डोळे मिटून बसले. आम्ही तिघं ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तसे उभे होतो. पूर्ण बाजू संपली तरी काका हलेनात.

"काका," मी म्हणालो, "वाचेल का?"

"कोण?"

"रेकॉर्ड."

"तिला काय धाड भरलीय?" काकांनी डोळे उघडले. "ओरखडा असला तर सुई दर फेरीला टक्क करते. इथे एकही टक्क नाही. आणि ठोका गळतोय तो ड्रमवाल्याचाही, गिटारवाल्याचाही आणि त्या पुंगीवाल्याचाही, सगळ्यांचा एकाच जागी. अहो, एवढ्या शिस्तीत कोणी चुकतं का? ते वाजवतातच तसं."

"मुद्दाम?" सासरे ओरडले.

"मुद्दाम."

बायकोने तोवर रिकामं कव्हर उलटं केलं होतं. ती वाचायला लागली आणि तिचा चेहरा बदलत गेला. "अहो, इथे मागे छापलंय! ही चाल सात ठोक्यांची आहे म्हणून. मोठ्या अक्षरांत!"

"मग काल का नाही वाचलंस? वाचनालयात काम करतेस ना तू?"

"वाचलं असतं. पण त्यावर बाबा बसले होते."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी काकांचे दोन्ही हात धरून इतके हलवले की त्यांचं भिंग पडलं. सासरे मात्र स्वतःशी मोजत होते. "एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन... लावा परत!"

आम्ही परत लावली. आणि खरं सांगतो, ती रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली ती तेव्हा. आदल्या दिवशी मी फक्त माझा गुन्हा ऐकत होतो. आता काही मोडलेलं नाही हे कळल्यावर कान मोकळे झाले. गिटार भांडत नव्हती, खेळत होती. सॅक्सोफोनच्या मनात जे होतं ते तो सगळं सांगून टाकत होता, आणि प्रत्येक सातव्या ठोक्याला सगळे मिळून एका उंबऱ्यावरून उडी मारत होते. सासरे दर सातव्या पावलाला गिरकी घेऊन हॉलमधून कवायत करत होते. बायको हसता हसता खुर्चीत कोसळली. कितीतरी दिवसांनी ती हसली. तिच्या हसण्याने माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला रुमाल काढायला गेलो तर मागच्या खिशातून कंगव्याचे दोन तुकडे निघाले. कट्ट झालं होतं ते हे! ("डोक्यावर पीक नाही आणि कंगवा कशाला?" असं बायकोने लगेच विचारलं. यावर मी मान हलवली.)

सोमवारी केबिनमध्ये शिरताना मी मत पाठ करून गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "हं, काय वाटलं?"

"साहेब, मी तिच्यावर बसलो होतो," माझ्या तोंडून निघालं.

"कशावर?"

"रेकॉर्डवर. म्हणजे आधी बसलो, मग ऐकली." आणि मग थांबताच येईना. आठवा ठोका, शब्दकोश, सासरे, रेडिओकाका, सगळं सांगितलं. साहेब टेबलावर डोकं ठेवून हसत होते. बावीस वर्षांत त्यांचे दात मी प्रथमच पाहिले.

"सात!" ते डोळे पुसत म्हणाले. "अहो, मी इतकी वर्षं आठच धरून चालतोय. मला वाटायचं माझंच चुकतंय कुठेतरी."

असा मोका पुन्हा येणार नव्हता. मी हात जोडले. "साहेब, त्या बदलीच्या यादीत माझं नाव... बायकोची नोकरी आहे हो इथे. तिला फार त्रास होईल."

"तुमचं नाव?" साहेबांनी यादी सुलटी करून माझ्यापुढे धरली. "नाही त्यात."

मी वरून खाली, खालून वर वाचली. खरंच नव्हतं. मला तिथेच गिरकी घ्यावीशी वाटली. "साहेब, केवळ एका रेकॉर्डसाठी तुम्ही माझं नाव..."

"छे हो, रेकॉर्डचा काय संबंध? तुमचं नाव मी मागच्याच महिन्यात पाठवलं होतं. त्या शाखेनं परत केलं. कळवलंय, जागा रिकामी राहिली तरी चालेल."

मी बाहेर येऊन पहिला फोन बायकोला केला. बदली नाही म्हटल्यावर ती वाचनालयात असूनसुद्धा मोठ्याने ओरडली. मग मी (अतिशय आनंदात होतो, भान राहिलं नाही) तिला कारणही सांगून टाकलं.

मग बायको म्हणाली, "असं लेखी दिलंय त्यांनी? मग सही-शिक्क्यासकट एक प्रत मागून घ्या हो. बाकीच्या शाखांनाही पाठवून ठेवू."