सेनेटर हॅल्डेन यांची नवी आजी

सोमवारी सकाळी अमेरिकेतल्या मेन या समुद्रकाठच्या राज्याचे सेनेटर हॅल्डेन यांना तासाभरात भाषण हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या न्यायाधीशाचं नाव समितीत मंजूर व्हायचं होतं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आठ आठवड्यांवर आली म्हणून काय झालं, खुर्ची रिकामी ठेवणं हे पाप आहे, असं त्यांना गर्जून सांगायचं होतं. अडचण एवढीच, की चार वर्षांपूर्वी याच समितीत "जनतेचा कौल येईपर्यंत खुर्ची रिकामीच ठेवा" असं ते पाऊण तास गर्जले होते. तेव्हा राष्ट्राध्यक्ष समोरच्या पक्षाचे होते, आता स्वपक्षाचे. तत्त्व तेच, फक्त तोंड फिरवायचं होतं.

हे फिरवण्याचं काम त्यांची भाषणं लिहिणाऱ्या विनिफ्रेड ऊर्फ विनी कॉर्कोरनकडे होतं. तिचा या नोकरीवर जीव होता आणि नोकरीचा जीव टांगणीला लागला होता. गेल्याच महिन्यात तिने मेनमधल्या कोळ्यांच्या मेळाव्याला शाकाहार दिनाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. पुढची चूक शेवटची, असं सेनेटरनी बजावलं होतं.

विनीने डोकं चालवलं. चार वर्षांपूर्वी "खुर्ची भरा" असं कोण ओरडत होतं? समोरच्या बाकावरचे नेब्रास्काचे सेनेटर टॅकेट. त्यांचं भाषण सिनेटच्या छापील वृत्तांतात शब्दन् शब्द, अगदी कंसातल्या सूचनांसकट होतं. तिने ते उतरवलं, पक्षाचं नाव बदललं, तारीख बदलली आणि कागद धावतपळत सेनेटरच्या हातात दिले. हॅल्डेन भाषण आधी कधीच वाचत नसत. त्याने चेहऱ्यावरचा ताजेपणा जातो, असं त्यांचं मत होतं.

पहिली दोन पानं झकास गेली. तिसऱ्या पानावर हॅल्डेन म्हणाले, "माझी आजी ओटिली मक्याच्या शेतात उभी राहून मला सांगायची..." आणि थबकले. पुढे कंसात 'इथे चष्मा काढावा' असं होतं, म्हणून त्यांनी काढला. मग चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून परत घातला. मेनच्या त्या खडकाळ किनाऱ्यावर क्षितिजापर्यंत पसरलेला मका त्यांनी मोठ्या धीराने वाचून संपवला. आजी बदलायची राहिली, हे भिंतीकडेच्या खुर्चीत बसलेल्या विनीच्या आत्ता ध्यानात आलं.

समोर टॅकेट लालबुंद झाले होते. स्वतःची आजी अशी भरसभेत पळवलेली कुणाला आवडेल? पण मध्येच बोलायची रीत नव्हती. पुढची पाळी त्यांचीच होती. माइक ओढून ते म्हणाले, "आत्ताच इथे जे वाचलं गेलं, त्याचा समाचार मी शेवटी घेणार आहे." मग त्यांनी आपले कागद उचलले. आधी वाचायची सवय त्यांनाही नव्हती. विनी मनातल्या मनात टेबलाचे खण रिकामे करू लागली.

"जनतेचा कौल येऊ द्या," टॅकेट गरजले. "माझे वडील पहाटे चारला होडी समुद्रात लोटायचे, तेव्हा मला सांगायचे..."

नेब्रास्कापासून समुद्र हजार मैलांवर आहे. टॅकेट यांच्या लेखनिकाने दोन्ही हातांत तोंड लपवलं. आपले दिवंगत वडील अचानक पलीकडच्या बाकावर निघालेले पाहून हॅल्डेन खुर्चीत ताठ झाले. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं. टॅकेट यांनी होडी कशीबशी किनाऱ्याला लावली.

"तुम्ही शेवटी कसला तरी समाचार घेणार होता," अध्यक्षांनी आठवण करून दिली.

"झाला घेऊन," टॅकेट म्हणाले.

मतदान ठरल्याप्रमाणे पक्षवार झालं. न्यायाधीशमहाशय एका मताने पुढे सरकले.

कार्यालयात हॅल्डेन यांनी विनीला दार लावायला सांगितलं. तिने सगळं कबूल केलं. टॅकेटच्या माणसालाही नेमकी तीच युक्ती सुचली असणार, असंही सांगितलं.

"म्हणजे माझं ते चार वर्षांपूर्वीचं भाषण सध्या त्यांच्याकडे आहे?"

"हो, सर." विनी म्हणाली. "मी टेबल आवरायला घेऊ?"

"टेबल कसलं आवरतेस? त्या पोराला फोन लाव आधी. म्हणावं, आमच्या वडिलांना जरा जपून वापरा. नोव्हेंबरात आम्ही हरलो, तर आम्हाला ते परत लागतील."