तीन चुकांचे तात्या

अंथुर्ण्याचे भगवानतात्या सकाळी पेपर वाचत नाहीत. आमच्या पेरू बागायतदार गटाच्या वेबसाइटवर रात्रभरात कुणी कुणी पासवर्ड चुकवला, त्याची यादी वाचतात. तीही मोठ्यांदा, चहा पिता पिता.

"ह्यो बघा, परदेशातला भाद्दर! तिन्ही बारी 'अ‍ॅडमिन' म्हणून आला. आरं, नाव तरी बदलून ये की!"

जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढलेला हा माणूस निवृत्तीनंतर गटाचा सर्व्हर सांभाळतो. पगार नाही, पण रुबाब फौजदाराचा. पासवर्ड एका दिवसात तीनदा चुकला की, ज्या इंटरनेट-जोडणीवरून चुकला त्या पत्त्याला सर्व्हर दिवसभर पानच उघडू देत नाही. "चोराला दारापतुर येऊच द्यायचं न्हाय," हे त्यांचं ब्रीद. एकदा चष्मा सापडेना म्हणून स्वतःच तीनदा चुकले. मी, गटाचा सचिव, म्हणालो, "तात्या, तुम्ही तरी सूट घ्या." "नियम म्हंजी नियम!" म्हणत दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत बसले.

परवा सकाळी पळसदेवहून फोनावर फोन. "तात्या, पान उघडंना! बाजाराच्या गाडीत क्रेटची जागा धरायचीय!" तात्यांनी यादी पाहिली आणि जीभ चावली. पळसदेवचे आमचे सगळे सभासद एकाच दुकानातून आलेलं इंटरनेट वापरतात, म्हणजे सर्व्हरला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. एकजण तीनदा चुकला आणि अख्खं गाव बाहेर!

"कोण हाय त्यो, बघतोच!" मला मोटारसायकलवर मागं बसवून, लॅपटॉप माझ्या मांडीवर देऊन तात्या निघाले.

तो निघाला विठ्ठलआबा. वय पंच्याहत्तर.

"व्हय, मीच. रोज दोन बारी करतो, आज तिसरी केली," आबा म्हणाले. "खातं हिच्या नावाचं. दिवाळीच्या आदी गेली ती. काय शबूद ठिवलावता, सांगितलाच न्हाय."

"आवो, मग मला सांगायचं! नवा करून देतो की, दोन मिंटात."

"नवा तुमचा आसंल. मला तिचा पायजे."

तात्या हळूच म्हणाले, "त्यो मला बी दिसत न्हाय, आबा. सर्व्हर झाकूनच ठिवतो."

त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि काहीतरी टाइप केलं. पळसदेवच्या पत्त्याला चुकांची मोजणी माफ! गावात पानं उघडली, फोन थांबले.

"तात्या, नियम?" मी विचारलं.

"तुमी गप बसा." मग आबांकडं सरकून बसले. "म्हशीचं नाव घातलंवतं का?"

"पयल्याच दिशी."

"माहेरचं गाव?"

"कऱ्हाटी. त्ये बी झालं."

"मागं आकडा लावून?"

आबांनी मान हलवली. "न्हाय."

"मग लावू या. लग्नाचं साल सांगा."

पान पुन्हा नाही म्हणालं. तात्यांनी बाह्या वर सारल्या. "थोरल्या लेकीच्या जन्माचं साल?"

मी चौदा चुकांपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं.